बिनटाकीचा गिझर

"या वेळी गिझर तुम्हीच ठरवा," बायको म्हणाली आणि समजासाहेबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

छापखान्यात मुद्रितं तपासून तपासून त्यांना चुका दिसायची सवय लागली होती, अजून न झालेल्यासुद्धा. "समजा, असं झालं तर?" हे त्यांचं पालुपद. त्यावरून सगळ्यांनी त्यांचं हे बारसं केलं होतं. एरवी घरातले निर्णय बायको घ्यायची आणि समजासाहेब त्यांची काळजी करायचे. अशी सुरळीत वाटणी होती. पण जुना गिझर गळायला लागला आणि नेमके सासरे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर राहायला यायचे ठरले. सासरे म्हणजे निवृत्त व्यायामशिक्षक. लग्न ठरताना ते म्हणाले होते, "मुलगा चांगला आहे. जरा दचकतो." (हे ऐकूनही समजासाहेब दचकले होते.)

दुकानदार उत्साही होता. "टाकीचा घ्या साहेब. पाणी तापून तयार असतं."

"समजा, टाकी फुटली तर? खाली माणूस अंघोळ करत असतो हो!"

"त्याला व्हॉल्व्ह असतो."

"समजा, व्हॉल्व्ह अडकला तर?"

"मग इन्स्टंट घ्या. टाकीच नाही, तर फुटणार काय?"

"पण तो वीज खेचतो म्हणतात. समजा, अर्ध्या अंघोळीत फ्यूज उडाला तर?"

दुकानदाराने हातातलं फडकं खाली ठेवलं. "समजा, तुम्ही अंघोळच केली नाहीत तर?"

समजासाहेब चार वेळा दुकानाची पायरी चढले आणि चार वेळा रिकाम्या हाताने उतरले. रात्री स्वप्नात टाकी त्यांच्यावर पडली, म्हणून सकाळी त्यांनी इन्स्टंट गिझर आणला. इलेक्ट्रिशियनने तो बसवला आणि जाताना एवढंच म्हणाला, "हा चालू असताना दुसरं काही मोठं लावू नका."

झालं! सासरे आले आणि त्यांच्या पहिल्याच अंघोळीला घरात जमावबंदी. मिक्सर बंद, वॉशिंग मशीन बंद. फ्रिजचीही वायर समजासाहेबांनी काढून ठेवली.

"अहो, दूध नासेल!" बायको ओरडली.

"नासू दे. बाबांच्या अंघोळीत फ्यूज उडता कामा नये!"

सासरे काठी टेकत बाथरूममध्ये शिरले. दाराला कान लावून समजासाहेब बाहेर उभे राहिले. आत नळ धो धो सुटला. एवढ्या जोरात सोडल्यावर पाणी तापणार कसं?

"बाबा, नळ बारीक करा!"

"काय?"

"बारीक करा, बारीक!"

"अहो, मी बारीकच आहे! गुडघाच तेवढा सुजलाय!"

"तुम्ही नव्हे, धार!"

"दार? दार लावलंय की!"

पाणी नक्कीच गार येत असणार. निदान टॉवेल तरी गरम असावा, म्हणून समजासाहेबांनी धावत जाऊन वायर झिजलेली जुनी इस्त्री लावली.

फट्! घर अंधारलं. बाथरूमला खिडकी नव्हती. आतला नळही बंद झाला.

"बाबा?"

उत्तर नाही.

"बाबा! शॉक बसला का हो?" (शॉक बसलेल्या माणसाने याचं उत्तर कसं द्यायचं, हे त्यांना सुचलं नाही.) गिझर आपण निवडला, इस्त्री आपण लावली. आता बायकोला काय तोंड दाखवायचं? त्यांनी डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दारावर धडक मारली.

नेमकं त्याच क्षणी सासऱ्यांनी दार उघडलं.

समजासाहेब त्यांच्या बाजूने सणसणत आत गेले आणि बसले ते थेट बादलीत.

"आईगं! गार आहे हो!"

"गारच असणार," कमरेला पंचा गुंडाळलेले सासरे शांतपणे म्हणाले. "जन्मात कधी गरम पाण्याने अंघोळ केली नाही मी. जीव घाबरतो. तुमचा तो डबा तर मी शिरल्या शिरल्या बंद केला."

"मग तुम्ही बोलत का नव्हता?"

"तोंड पुसत होतो."

बायको धावत आली. वडील धडधाकट आणि नवरा बादलीत, हे पाहून ती दाराला टेकून हसत सुटली. समजासाहेबांचे दात वाजत होते.

"अगं, हसतेस काय? यांना हुडहुडी भरलीय," सासरे म्हणाले. "आता तो गिझर यांनाच लावून देऊ. जावईबापू, मेन स्विच कुठंय?"

समजासाहेब विचारात पडले. गिझर कसा फुटतो, वायर कशी जळते, सगळं त्यांना पाठ होतं. त्यांनी बादलीतूनच, मोठ्या आत्मविश्वासाने, पॅसेजमधल्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं.

सासऱ्यांनी काठीच्या टोकाने कॅलेंडर उचललं. मागे खिळा होता.

तेवढ्यात घरभर दिवे लागले. स्वयंपाकघरातल्या मेन स्विचपाशी पोचलेल्या बायकोचा आवाज आला, "बाबा, त्यांना काय विचारताय? ते इथे फक्त राहतात!"