चार तारांचा काढा

ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवणारा माणूस म्हणजे घराचा पाया! लोक भिंती बघतात, रंग बघतात, गॅलरीतल्या कुंड्या बघतात. पाया कोणी बघत नाही. पण काढून तर बघा पाया! हे मी लग्न झाल्यापासून बायकोला इतक्या वेळा ऐकवलंय, की मी नुसतं "ऑर्केस्ट्रात..." म्हटलं की चारुलता "पाया" म्हणून मोकळी व्हायची आणि कणीक मळायला घ्यायची.

साल सत्याऐंशी. आम्ही नुकतेच वाशीला सिडकोच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो होतो. आठवडाभर मी बँकेत काउंटरच्या जाळीमागे बसायचो आणि सुट्टीच्या दिवशी मधुकरच्या ऑर्केस्ट्रात बास वाजवायचो. मधुकर म्हणजे आमचा मालक, गायक आणि निवेदक. एका तालमीनंतर त्याने मला बाजूला घेतलं.

"जेपी, राग मानू नकोस. तू नक्की वाजवतोस काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे बोटं हलताना दिसतात रे, पण ऐकू काय येत नाय! ठाण्याच्या कार्यक्रमात आयोजकांनी विचारलं, तो मागे उभा असतो तो कोण? मी सांगितलं, इलेक्ट्रिशियन."

"मधू!"

"ऐक. दिलीपने नवीन कीबोर्ड घेतलाय. त्यात बास पण आहे, डाव्या हाताने वाजतो. त्याचा डावा हात तसाही रिकामाच असतो. आता गौरी-गणपतीच्या विसर्जनाला संध्याकाळी आपल्या सेक्टरच्या मैदानात कार्यक्रम आहे. त्या दिवशी तुझा बास ऐकू आला तर राहा. नाय आला, तर..." एवढं बोलून त्याने माझ्या अ‍ॅम्प्लिफायरकडे, भंगारवाल्याला द्यायच्या कपाटाकडे बघावं तसं बघितलं.

खरं सांगतो, आठवडाभर जाळीमागे बसणाऱ्या माणसाला एक दिवस झालरीचा शर्ट घालून स्टेजवर उभं राहायला मिळतं. तेच कोणी काढून घेतलं तर उरतं काय? जाळी!

अ‍ॅम्प्लिफायर तपासायला मी गिटार घेऊन सेक्टरच्या नाक्यावरच्या रेडिओवाल्याकडे गेलो. तिथे पंढरी भेटला. हा जुहूगावचा. वडिलांची भातशेती सिडकोत गेली, आणि पंढरी गावच्या बेंजो पार्टीत गेला. हळदीत, विसर्जनाला टेंपोवर उभा राहून बास वाजवतो. वाशीत बासवाले आम्ही दोघेच, त्यामुळे भेटलो की आमचं बोलणं दोन विहिणींसारखं संपता संपत नाही.

"तुजा स्पीकर केवरा?" पंढरीने विचारलं.

"बारा इंची. तुझा?"

"पंधरा! आनि पेटी मामाच्या जुन्या होरीच्या फल्यांची हाय." होरी म्हणजे होडी; त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो. "पावसान फुगते, मंग आवाज जास्त गोर येतो."

"मला सांग, तुझा बास लोकांना ऐकू येतो?"

पंढरी विचारात पडला. "मना येतो."

"आणि दुसऱ्यांना?"

"दुसऱ्यांना इचारलाय कोनी!"

मी त्याला मधुकरचं सगळं सांगितलं. तो उठला, त्याने माझ्या गिटारची जाड तार अंगठ्याने छेडली आणि मयताला आल्यासारखा चेहरा केला.

"तारा मेल्यात तुज्या. घामाचा मल बसलाय. नव्या घे."

"नव्या परदेशातून येतात. कधी येतील ते त्या दुकानदारालाही माहीत नसतं."

"मंग उकल!"

"काय?"

"उकल त्यांना! पान्यान चिच टाक, अर्धा तास उकल. मल सुटतो, तारा नव्या नवरीसारक्या बोलतात. आमी सगले उकलतो. फक्त फडक्यान बांदून टाक, नायतर भांडं घासताना बायको बोलंल."

मला वाटलं टिंगल करतोय. पण नाही! जगभरचे बासवाले तारा उकळतात म्हणे. मी उडालोच. इतकी वर्षं पाया पाया करत होतो आणि पाया उकळायचा असतो हे मला ठाऊकच नव्हतं!

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी मोहिमेला लागलो. चारुलता बाजारात गेली होती. कराडहून आलेले सासू-सासरे आतल्या खोलीत झोपले होते. सासरे निवृत्त हेडमास्तर. माझी गिटार त्यांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बोट लावून तारा मोजल्या आणि विचारलं, "जावईबापू, गिटारला सहा तारा असतात ना? उरलेल्या दोन नंतर देणार आहेत का?" तेव्हापासून त्यांचं माझ्याबद्दल काही फार चांगलं मत नव्हतं.

मी चारी तारा काढल्या, वेटोळी केली, जुन्या धोतराच्या फडक्यात घट्ट पुरचुंडी बांधली, पातेल्यात पाणी आणि चिंच घालून गॅस बारीक केला, आणि तेवढ्यात अ‍ॅम्प्लिफायर आणावा म्हणून खाली नाक्यावर गेलो. अर्ध्या तासाचं तर काम!

रेडिओवाल्याने दोन तास बसवून ठेवलं. अ‍ॅम्प्लिफायर खांद्यावर घेऊन तीन मजले चढून धापा टाकत घरात शिरलो, तर सासरे पलंगावर ताठ बसलेले. हातात कप.

"जावईबापू," ते म्हणाले, "मानलं तुम्हाला!"

लग्नानंतर या माणसाने मला प्रथमच मानलं होतं. मी घाबरलो.

"काय झालं, मामा?"

"काढा, काढा! अहो, काय जालीम चीज केलीत! आधी आंबट, मग कडू आणि शेवटी अशी लोखंडासारखी चव. तोंड वाकडं करायला लावतो तोच खरा काढा. घोट घेतला आणि गुडघ्यात मुंग्या आल्या!"

सासूबाई पदराने डोळे टिपत बाहेर आल्या. "मी पत्रात ह्यांच्या गुडघ्यांचं सहज लिहिलेलं. तुम्ही ध्यानात ठेवलंत! झोपेतनं उठून स्वयंपाकघरात गेले, बघते तर गॅसवर पुरचुंडी टाकून काढा चढवलेला. मी नुसता गूळ आणि आलं घातलं हो."

अशा वेळी माणसाने काय सांगावं? की मामी, तो माझ्या बोटांचा दोन वर्षांचा घाम होता? त्यात चारुलता बाजारातून आली, दारातच तिने हे सगळं ऐकलं आणि माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की तसं तिने लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं!

"अहो, त्यात काय काय घातलंय?" तिने विचारलं.

"अं... चार मुळ्या."

"कसल्या?"

"एक जाड असते. मग तिच्याहून बारीक, मग..."

"नावं काय त्यांची?" सासऱ्यांमधला हेडमास्तर जागा झाला.

"नावं... बाहेरच्या आहेत त्या. जर्मन."

"जर्मन मुळ्या!" सासऱ्यांनी मांडीवर थाप मारत जिनाभर ऐकू जाईल असं म्हटलं. "तरीच!"

"पण पुरचुंडी कुठाय?" मी पातेल्यात डोकावलो. पातेलं घासून पालथं घातलेलं!

"ती होय? सुंदराबाईंना दिली," सासूबाई म्हणाल्या. "खालच्या मजल्यावरच्या हो. त्यांचेही गुडघे धरलेत. पुरचुंडी एका उकळीत थोडीच संपते? औषध कसं वाटून घ्यावं. पण मी बजावलंय हां, सोडून बघू नका. पुरचुंडी सोडली की गुण जातो."

मी जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरलो. दुसऱ्या मजल्यावर सुंदराबाई दारातच भेटल्या. तोंडावर तृप्ती!

"या या जेपीभाऊ! मी दुधात उकळली, हळद घालून. मला सांगा, मुळी ओली असते का सुकी?"

"सुकी. सुंदराबाई, ती पुरचुंडी..."

"आणि सहाणेवर उगाळायची का पाट्यावर वाटायची? बाळंतिणीला चालते का?"

"बाळंतिणीला नको! पुरचुंडी कुठाय?"

"गोजराबाईंनी नेली की! मीच म्हटलं घेऊन जा, त्यांच्या मालकांची कंबर दुखते. जर्मन हाय ना हो ती?"

बातमी माझ्या आधी जिना उतरली होती. तळमजल्यावर गोजराबाई रांगोळी पुसत होत्या.

"अगोबाई, ती होय? मी पण उकळली. पण आता काय रंगच उतरंना पाण्यात. म्हटलं गुण संपला. मग ठेवली निर्माल्यात."

"निर्माल्यात?"

"मग! औषध म्हणजे देवाची वस्तू. कचऱ्यात कशी टाकायची?"

"आणि निर्माल्य?"

"गेलं ना गणपतीबरोबर. हे काय, आत्ताच निघाले."

मी खाडीकडे धावलो. रस्त्यात मिरवणुका लागलेल्या, गुलाल उडतोय, माणसं नाचताहेत, आणि समोर जुहूगावचा टेंपो! वर पंढरी, डोळे मिटून बास वाजवतोय.

"पंढरी! माझ्या तारा!"

"उकलल्यास?"

"तीन घरांत उकळल्या! आता खाडीत चालल्यात! तुझ्या दे!"

"मंग मी काय वाजवू, टेंपो?" पंढरी ओरडला. "आनि खाऱ्या पान्यात नको टाकू, गंजतील!"

मी पोचलो तेव्हा गोजराबाईंचे मालक कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून निर्माल्याची पिशवी उपडी करत होते. झेंडू तरंगले, दूर्वा तरंगल्या, केवड्याचं पान तरंगलं. पुरचुंडी तेवढी गाळात गडप झाली! एवढ्या गोष्टींत वजन फक्त माझ्याच वस्तूला! मालक बाहेर येऊन म्हणाले, "कंबर मात्र मोकळी झाली बघा."

झालं! घरी येऊन मी झालरीचा शर्ट घातला. आरशात बघितलं आणि वाटलं, हा शर्ट आज शेवटचा. मधुकरला खरं सांगावं असं दहादा मनात आलं. पण काय सांगणार? तारांचा काढा झाला, तो माझ्या सासऱ्यांनी प्यायला, आणि मग त्यांचं विसर्जन झालं? तारांचं!

शेवटी मी बिनतारेची गिटार गळ्यात अडकवून स्टेजवर उभा राहिलो. बासवाल्याला कायम ड्रमच्या मागे, हॅलोजन पोचत नाही अशा जागी उभं करतात. त्याचं आजवर वाईट वाटायचं. त्या दिवशी हात जोडले. आणि मग वाजवलं! म्हणजे हवेत वाजवलं. मान हलवली, ओठ दाबले, ज्या जागा पूर्वी घाबरून सोडून द्यायचो त्या सगळ्या घेतल्या. तारा नसल्यामुळे एकही चूक झाली नाही!

कार्यक्रम संपला. मधुकर स्टेजच्या मागे आला आणि मी मनातल्या मनात राजीनामा दिला. तर त्याने मला कडकडून मिठी मारली.

"जेपी! आज ऐकू आलास बाबा! काय भरीव आवाज! आयोजक म्हणाले, पहिल्यांदा आज ऑर्केस्ट्रा पूर्ण वाटला. तू कुठे जात नाहीस. विषय संपला!"

मी राहिलो! आनंदाने उडी मारणार होतो, पण एक किडा डोक्यात वळवळत होता. आवाज आला तर आला कुठून? मी दिलीपला गाठलं.

"दिलीप, खरं सांग. आज डाव्या हाताने बास वाजवलास ना?"

"मी? डावा हात डास मारत होता यार! इथले डास आहेत का चिमण्या?"

म्हणजे बास कोणीच वाजवला नव्हता. आणि सगळ्यांना ऐकू आला होता! बँकेने बढती द्यावी आणि वर कळवावं, की तुम्ही रजेवर असताना काम फार छान झालं, तसं काहीसं मला वाटलं.

घरी आलो. गिटार खोळीत घालत होतो, तर चारुलता दारात येऊन उभी राहिली.

"आज तुम्ही वाजवलं नाहीत ना?"

"तुला कसं कळलं?"

"गाणं कानाला येतं, तुमचं ते पाठीला येतं. खुर्चीत बसल्या बसल्या पाठीत घुमतं. आज पाठीला काहीच आलं नाही. मला सारखं काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं."

इतकी वर्षं मी तिला पाया पाया ऐकवतोय, ती कणीक मळतेय, आणि मला वाटायचं हिला काडीचं कळत नाही. अख्ख्या मैदानात एकटीला कळलं!

"चारू," मी म्हणालो, "एवढ्या गर्दीत तुझ्या एकटीच्याच लक्षात आलं!"

"एकटीच्या कुठे? बाबांच्याही आलं की. म्हणाले, जावईबापूंच्या कार्यक्रमात दर वेळी पाठ भरून येते, आज बिलकूल दुखली नाही. काढा पाठीलाही लागू पडतो म्हणाले. उद्या निघायच्या आधी अजून एकदा उकळाल का, असं विचारत होते."

मी मुकाट्याने उठलो आणि चिंच भिजत घातली.