गेनूमामांचा कान

माझ्या लग्नात आहेराची भांडी मांडून ठेवली होती. गेनूमामा मांडवात शिरले आणि कुणाला जयभीम घालायच्या आधी बोटाच्या पेरानं एकेक भांडं वाजवायला लागले. टण्ण. टण्ण. टण्ण. सातव्या हंड्याशी थांबले. कान जवळ नेला. पुन्हा वाजवला. आणि भर मांडवात ओरडले, "थांबवा! ह्याला तडा हाय."

हंडा माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावानं दिलेला. ते तावातावानं उठले. हंड्यात पाणी ओतलं गेलं आणि लग्नाला आलेली निम्मी माणसं त्याच्याभोवती वाकून बसली. पाचेक मिनिटांनी बुडाशी एक थेंब जमला. मामांनी समाधानानं मान हलवली आणि त्याच पेरानं माझ्या पाठीवर दोन ठोके मारले. "नवरदेव फिट हाय. सोडा गाडी."

मामांचा कान आयुष्यात एकदाच चुकला आणि तोही त्याच दिवशी, असं माझी बायको म्हणते.

मामांचं कामच ते होतं. दौंड स्टेशनात गाडी उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन खाली उतरायचं, प्रत्येक चाकावर एक ठोका मारायचा आणि ऐकायचं. चाक धड असेल तर घंटेसारखं वाजतं. कुठं केसाएवढी चीर असली तर आवाज बसका येतो. डोळ्यांना न दिसणारी ती चीर मामांच्या कानाला दिसायची. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यामुळं जगात दोनच प्रकार उरले होते, वाजणारं आणि तडा गेलेलं. शिरूरला माझ्याकडं आले की माठ, कपबशा, भिंती, बाजारातलं कलिंगड, सगळं वाजवून व्हायचं. एकदा पंचायत समितीत मला भेटायला आले आणि आमच्या साहेबांचं टेबल वाजवून, "हे फार दिवस न्हाई," असं म्हणून गेले. साहेबांना वाटलं, आपल्या बदलीविषयी बोलले. ते दोन दिवस जेवले नाहीत.

आता सगळ्या जगाच्या चाकांची काळजी एका माणसानं केली की त्याचं जे होतं ते मामांचं झालं होतं. त्यांनी तपासलेली गाडी सुटली की ती भिगवणच्या पुढं गेल्याची खबर येईपर्यंत ते चहाला हात लावत नसत. आणि दौंडात तर गाड्यांची ही रीघ! चहा पिणारे मामा मी फार थोड्या वेळा पाहिले. मामी लवकर गेल्या, मूलबाळ नाही. रेल्वेच्या खोलीत मामा, हातोडी आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. फोटोची चौकटही त्यांनी वाजवून घेतलेली होती.

अशा माणसाला एकच शौक होता, आणि तो ऐकून लोक हसायचे. मामांना जाझ आवडायचं.

दौंडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबात, पूर्वी शनिवारी गार्ड-ड्रायव्हर मंडळी बँड वाजवायची. मामा तेव्हा तरणे. आत जाण्याची आपली पायरी नाही असं समजून ते कुंपणाबाहेर लिंबाखाली उभे राहायचे. फ्रेडीसाहेब म्हणून एक गार्ड ड्रम वाजवायचे. त्यांनी एकदा खिडकीतून पाहिलं, की बाहेर एक माणूस कुंपणाच्या तारेवर बोट मारतोय, आणि ते बोट बरोबर जागेवर पडतंय. त्यांनी मामांना आत ओढून नेलं आणि ड्रमशेजारी बसवलं. पुढं कितीतरी शनिवार मामा तिथंच बसले. फ्रेडीसाहेब कधी काठ्या बाजूला ठेवून तारांचा बारीक झाडू घ्यायचे आणि ड्रमच्या कातड्यावर नुसता फिरवायचे. स्स्-चक्, स्स्-चक्. मामांच्या मते माणसानं काढलेला सगळ्यात हलका आवाज तो. नंतर साहेब ऑस्ट्रेलियाला गेले, बँड मोडला. मामांकडं तो आवाज तेवढा राहिला.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. मामा अचानक शिरूरला आले. आले ते पाटावर बसले आणि त्यांनी काहीच वाजवलं नाही. बायकोनं नवा माठ मुद्दाम समोर आणून ठेवला. मामा त्याच्याकडं बघत राहिले.

"भाऊसाहेब," ते मला म्हणाले. मी साधा कारकून, पण मामा मला भाऊसाहेबच म्हणायचे. "माझ्या कानाला तडा गेला असं वाटतंय."

"ऐकू येत नाही का?"

"येतं की! हातोडी मारली की टण्ण येतं. पर तीस वरसं टण्णच येतंय रं. आता ते वाजतंय म्हणून ऐकू येतं, का सवयीनं माझ्याच डोक्यात वाजतं, ते कळंना."

मी मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या कानाशी धरलं. "टिकटिक येते?"

"येती. पर घड्याळ टिकटिकणार हे मला ठाऊकच हाय. त्याला काय अर्थ?"

"मग डॉक्टरला दाखवा."

"दाखवीन. दोन वरसं राहिलीत नोकरीची, डॉक्टर 'न्हाई' म्हणला तर त्याच दिवशी हातोडी जाईल. जाऊ दे! पर उगं शंकेवर नगं. आधी माझी मला खात्री पायजे." मग हळूच म्हणाले, "रजा टाकून आलोय. शंकेच्या कानानं मी गाडी सोडत न्हाई."

बायको चहा घेऊन आली होती. तिनं तो त्यांच्या हातात दिला आणि पहिल्यांदाच मामांनी तो लगेच प्यायला. आम्हा दोघांनाही धस्स झालं.

मामांनी तोडगा मात्र शोधून आणला होता. मुंबईत मोकळ्या मैदानावर जाझचा मोठा जलसा भरणार, देशोदेशीचे वाजवणारे येणार, असं त्यांना इन्स्टिट्यूटमधल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं. "जाझमधी पुढचा ठोका कुठं पडंल हे वाजवणाऱ्यालाबी आधी ठाऊक नसतं. तिथं सवय चालत न्हाई. पार मागं बसायचं. तिथून झाडू ऐकू आला तर कान खरा. न्हाई आला तर हातोडी साहेबाच्या टेबलावर."

"पण झाडू वाजला आणि तुम्हाला ऐकू आला नाही, हे तुम्हाला कळणार कसं?"

"म्हणून तर तुला न्यायचा."

इथं मला घाम फुटला. गाण्यातलं मला इतकंच कळतं, की पेटी बंद झाली म्हणजे गाणं संपलं. त्यात या माणसाची नोकरी आणि दौंडवरून जाणाऱ्या सगळ्या गाड्या माझ्या कानावर! मी बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, "जा की. एरवी मी बोललेलं तरी कुठं ऐकता? निदान तिकडं ऐका."

न्हावऱ्याच्या रस्त्यानं एस.टी.नं दौंडला गेलो. दोन दिवस मामांनी माझी तालीम घेतली. बिस्किटाच्या डब्यावर वर्तमानपत्र ताणून ते त्यावर तारेचा चोथा फिरवायचे, मी भिंतीकडं तोंड करून बोट वर करायचं. पहिल्या दिवशी मी शेजारणीच्या तांदूळ पाखडण्यालाही बोट वर केलं. "अरं, ते सूप!" मामा कपाळ धरून बसले. "माझ्या कानापरीस तुझ्याच कानाची तपासणी करावी लागंल."

मुंबईला मामा निघाले ते इस्त्रीचा शर्ट, पिशवीत दोन वह्या, दोन पेन्सिली आणि घरगुती हातोडी घेऊन. पुण्यात गाडी थांबली तेव्हा आमच्या डब्याची चाकं ते खाली उतरून वाजवून आले. वर मला म्हणाले, "तूबी एकदा वाजवून बघ." मीही वाजवली. दोघांचं मत जुळल्यावरच आम्ही पुढं गेलो.

मैदानावर दुपारी चारपासून माणसं जमत होती. लांब केसांची पोरं, गॉगलवाल्या बाया, गवतावर चटया, वर मोकळं आभाळ आणि त्यातून कावळे. धोतराची दोनच माणसं, एक मामा आणि दुसरा फुटाणेवाला. मामा पार मागच्या ओळीत, वाजवणाऱ्यांचे हात दिसणार नाहीत असे बसले. मला त्यांनी वीस हात पुढं पाठवलं. "दोन साक्षीदार एका बाकावर बसवत न्हाईत." दोघांची घड्याळं मिळवली. झाडू ऐकू आला की प्रत्येकानं आपल्या वहीत वेळ लिहायची.

माझी ती वही अजून आहे. त्यातलं थोडं देतो. 'पाच बारा, झाडू. पाच पंधरा, बाराचा झाडू रद्द, मागच्या गृहस्थांचं नाक. पाच चाळीस, नक्की झाडू. पाच एक्केचाळीस, मैदान झाडणारा मनुष्य.' तळहाताला घाम इतका, की पान चिकटत होतं. तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारणाऱ्या त्या गर्दीत परीक्षेला बसलेला मी एकटाच होतो.

पण मधूनमधून मी मागं पाहायचो. एका जाड्या परदेशी गड्यानं सॅक्सोफोन असा काही वाजवला, की कावळे उठले. मामा उभे राहून चक्क "व्वा रं वाघा!" म्हणून ओरडले. त्यानंतर एक गोव्याकडचा म्हातारा ट्रम्पेट घेऊन आला. त्याच्या एका लांबलचक सुराला मामांनी डोळ्यांना उपरणं लावलं. त्यांना ऐकू येत होतं. मी मनात म्हटलं, सुटलो.

मग संध्याकाळ उतरता उतरता तिघं जण आले. पियानोवर एक बाई, एक उभं तंतुवाद्य आणि ड्रमवर पांढऱ्या केसांचा माणूस. बाईंनी दोन-चार सूर टाकले, आणि त्या माणसानं काठ्या खाली ठेवून झाडू उचलला.

मला, मला गाढवालासुद्धा, ते ऐकू आलं. स्स्-चक्. कुणी रेशमी कापडावरून हात फिरवावा तसं. सगळं मैदान गप्प झालं. मी भराभर वेळा लिहिल्या, पान भरलं, आणि आनंदानं मागं वळलो.

मामा ताठ बसले होते. मान पुढं काढलेली, तळहात कानामागं. पेन्सिल वहीवर टेकलेली, आणि हलत नव्हती. ते एकदा डाव्या बाजूला झुकले, एकदा उजव्या. मग त्यांनी आजूबाजूच्या माणसांकडं पाहिलं, हरवलेल्या माणसानं गावाचं नाव शोधावं तसं. त्यांनी माझ्याकडं पाहायच्या आत मी तोंड फिरवलं.

आणि मग मी खोडरबर काढलं. अठरा वर्षं सरकारी कागद खरडले, पण एक अक्षर खोटं खोडलं नव्हतं. ते सगळं पान मी खोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या गाडीत, कर्जत सोडल्यावर, मामांनी दोन्ही वह्या मांडीवर उघडल्या. सहा वाजेपर्यंतचं ताडून पाहिलं. त्यांच्या वहीत तोवर 'नुसत्या काठ्या' एवढंच होतं, म्हणजे माझं बहुतेक चूक निघालं. मग ते त्या पानावर आले. त्यांच्या वहीत कोरं. माझ्या वहीत कोरं.

"हितं तूबी काई लिव्हलं न्हाईस?"

"वाजलंच नाही, मामा. नुसता पियानो होता."

मामांनी माझ्या पानावरून बोट फिरवलं. वरून खाली, सावकाश. मग त्याच बोटाच्या पेरानं माझ्या छातीवर दोन ठोके मारले.

"तडा हाय," ते म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"कागद पातळ झालाय हितं. आन् भाऊसाहेब, तवा त्या फुटाणेवाल्यानं पुडी वळायची थांबवली. कागदाचा आवाज व्हईल म्हणून. एवढं मैदान श्वास धरून बसलं. न वाजणाऱ्यासाठी कोण श्वास धरतं रं?"

घाट संपला तशा त्यांनी दोन्ही वह्या मिटून पिशवीत टाकल्या. मग तेच म्हणाले, "बरं झालं. खात्री झाली."

सोमवारी त्यांनी हातोडी साहेबांच्या टेबलावर ठेवली. टेबल वाजवलं नाही. साहेबांनी त्यांना दिव्यांच्या खोलीत काम दिलं, काचा पुसायचं आणि तेल भरायचं. मामा म्हणाले, काच बघून कळती, तिथं कान लागत न्हाई. सुटलेल्या गाडीची काळजी आता दुसऱ्याकडं गेली होती. चहा वेळेवर प्यायला लागले. अंगानं थोडे भरले. ते काही आम्हाला बरं वाटलं नाही.

पुढं ते एकाआड एक रविवारी शिरूरला यायचे. पहिल्याच खेपेला बायकोनं बाजारातून माठ आणला आणि सवयीनं त्यांच्यापुढं ठेवला. मामांनी तो उचलला, उलटा केला आणि माझ्याकडं सरकवला. "तू वाजव." मी वाजवला. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "कसा हाय?" मी म्हटलं, "फिट आहे." बायको पुटपुटली, "झालं! आता माठ गळणार." आणि तो खरोखरच गळला.

चहा झाला की मामा भिंतीला टेकून माझ्या शेजारी बसायचे. जाड्या सॅक्सोफोनवाल्याची आठवण निघायची, गोव्याच्या म्हाताऱ्याची निघायची. ती ते सांगायचे. मग म्हणायचे, "आता ती झाडूची तू सांग."

मी सांगायचो. मला कुठं सांगता येतंय! पियानोची बाई, पांढरे केस, रेशमी कापड, एवढीच माझी शिदोरी. दर वेळी थोडं चुकायचो, थोडं पदरचं घालायचो. मामा डोळे मिटून घ्यायचे. थोड्या वेळानं त्यांचं बोट माझ्या गुडघ्यावर पडायला लागायचं, अगदी हलकं, थांबून, पुन्हा. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मैदानात घाईघाईनं वेळा लिहिताना मी जे धड ऐकलंच नव्हतं, ते मला तिथं, माझ्याच गुडघ्यावर ऐकू यायचं.