वर गेला का आकडा?

आमचे शेजारी गजाननराव कूलरमध्ये पाणी आहे की नाही हे वाकून बघत नाहीत. मोबाइलमध्ये बघतात, तेही कूलरपासून दोन हातांवर बसून.

बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत ते इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाले आणि साठीत जावास्क्रिप्ट शिकले. तेव्हापासून एकच उद्योग. बर्डीच्या बाजारातून आगपेटीएवढी यंत्रं आणायची, ती इंटरनेटला जोडायची आणि त्यांचे आकडे क्लाउडवर पाठवायचे. टाकी, गेट, तुळशीची कुंडी, काही सुटलेलं नाही. घरात एकटेच असतात, त्यामुळे "वर गेला का आकडा?" हे ते स्वतःलाच विचारतात, पण आम्हाला भिंतीपलीकडे ऐकू येतं.

एकदा त्यांची टाकी तासभर आमच्या अंगणात वाहिली. मी हाक मारली. ते आले, गुडघ्याखाली भिजले, आणि मोबाइल बघत म्हणाले, "टाकी तं रिकामी दाखवून राहिली."

"काका, तुमची चप्पल वाहून चालली!"

"थांब गा, डेटा येऊ दे."

पण त्यांचं सगळ्यात लाडकं यंत्र इथे बेसाला, आमच्या वस्तीत नव्हतंच. ते उमरेडला होतं, ताईच्या हातमागावर. आई लवकर गेली, गजाननरावांना या मोठ्या बहिणीनंच वाढवलं. ती एकटी राहते, साड्या विणते आणि फोन वापरत नाही. "मले नको तो डब्बा," म्हणते. मग यांनी धागा ठोकून बसवणाऱ्या फणीलाच यंत्र लावलं. फणी एकदा ठोकली की इकडे एक आकडा वाढतो. "ताई विणून राहिली," असं म्हणून हे सकाळचा चहा घेणार. दुपारी माग थांबला की हे जेवायला बसणार.

गेल्या महिन्यात एका सकाळी आकडा हललाच नाही. मी गेलो तेव्हा चहावर साय धरली होती आणि गजाननराव लॅपटॉपवर वरपासून खालपर्यंत कोड वाचत होते. कितव्यांदा, कोण जाणे.

"कोडातच गडबड असन," ते म्हणाले. गडबड कोडातच निघावी म्हणून हा माणूस देव पाण्यात घालून बसला होता.

"काका, उमरेडला जाऊ."

"एवढी एक ओळ पाहू दे गा."

मी लॅपटॉप मिटला आणि गाडी काढली.

ताई ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसली होती. गुडघ्याला फडकं बांधलेलं. आदल्या संध्याकाळी मोरीत पाय घसरला होता, एवढंच. मला हायसं वाटलं. गजाननराव मात्र तडक आत मागापाशी गेले आणि तिथेच उभे राहिले.

मागावर धागाच नव्हता. सगळीकडे धूळ होती, फक्त फणीला हात लागतो तेवढी जागा लख्ख होती.

"ताई, माग रिकामा काहून?"

"धागा दिसत नाही गा आता. दिवाळीपासून."

"मंग आकडा कसा येऊन राहिला?"

"रोज ठोकून राहिली ना मी. माग चालल्याबिगर तू जेवत नाही, तूच तं सांगितलं होतं. आज पाय नाही हालला."

गजाननरावांनी फणीवरचं यंत्र सोडवलं आणि खिशात टाकलं.

"जेवली का?" त्यांनी विचारलं.

"नाही. तू?"

"नाही."

ती भिंत धरून उठू लागली. त्यांनी तिला खाली बसवलं आणि पिठाचा डबा शोधायला आत गेले.