नागापुरे मास्तरांचा गूळ

सावलीच्या शाळेत हेडमास्तर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी पहिल्याच वर्गात पाहतो तर काय, एक मास्तर जमिनीवर मांडी घालून गुणगुणतायत आणि आठ वर्षांची मुलगी त्यांच्या नाकावर बोटं ठेवून बसलीय!

"नाक सोड!" मी ओरडलो.

"तिले ऐकू येत नाई, साहेब," मास्तर म्हणाले. "बोटानं ऐकून राह्यली."

हे नागापुरे मास्तर. बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवता येतं, हे चांदा जिल्ह्यात त्या काळी कुणाच्या गावीही नव्हतं. मास्तरांनी आपल्या डोक्यानं सगळं जमवलं होतं. 'प' म्हणताना तळहातावर फुंकर लागते, अनुस्वाराला नाक थरथरतं. 'ड'ला जीभ वर जात नसेल तर टाळूला गुळाचा खडा चिकटवायचा, जीभ मुकाट्यानं गुळामागे जाते. त्या गुळापायी मास्तरांच्या खिशाला कायम मुंग्या. बरं, प्रयोग आधी मोठ्यांवर. "जरा 'ग' म्हना भाऊ," म्हणत ते थेट गळ्यालाच हात घालायचे. पोस्टमन तर पत्रं कुंपणावरूनच फेकू लागला. माझाही गळा दोनदा तपासून झाला. पहिल्या वेळी मी शिपायाला हाक मारली होती.

नाकावर बोटं ठेवणारी ती मुलगी म्हणजे सरू, त्यांची एकुलती एक बहिरी विद्यार्थिनी. एके दिवशी तिचा बाप लटारू दारात उभा राहिला.

"मुकी पोरगी शाळेत बसून काय करन? वावरात धानाचा रोवना सुरू झाला. उद्यापासून धाडत नाई." त्यानं तिचं मनगट धरलं आणि ओढत निघाला.

दारात सरू वळली. "पां... डू!"

लटारूचा हात सुटला. रडण्याखेरीज पोरीचा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता.

मला मात्र भलताच धक्का बसला. मास्तरांचं नाव पांडुरंग, आणि ही चिमुरडी त्यांना पांडू म्हणते! "चूप!" मी खेकसलो. "मास्तरांना नावानं हाक मारतेस?"

तिला शब्द कळले नाहीत, माझा चेहरा कळला. तिनं ओठ घट्ट मिटले.

"तिचं तोंड बंद नोका करू, साहेब!" मास्तरांचा आवाज चढलेला मी प्रथमच ऐकला. "माही बायको अशीच होती. हे सारं तिच्यासाठीच शोधलं. पयला शब्द माहंच नाव शिकवलं, हाताले कळाले सोपं म्हनून; हिलेही तोच शिकवला. तिनं भर बाजारात हाक मारली. बाई नवऱ्याचं नाव घेते म्हनून लोक हासले. मले लाज वाटली. मी ओ नाई देल्ली. मंग मरेपर्यंत तिनं तोंड उघडलं नाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सरूपुढे उकिडवा बसलो, तिचा तळहात माझ्या तोंडापुढे धरला आणि अख्ख्या वर्गादेखत म्हणालो, "पांडू."

लटारू दारातच बसला होता. "राहू द्या तिले शाळेत," तो पुटपुटला. "पन आनखी एक डाव बोलू द्या."

सरूनं आम्हा सगळ्यांचे चेहरे नीट पाहून घेतले.

"पांडू!"

"ओ!" मास्तर केवढ्यांदा ओरडले. "ओ! इथीच आहो मी. इथीच आहो."