सहा बरण्यांतली राखुंडी

सज्ज्यातल्या फळीवर बरण्या सहा होत्या. प्रत्येकीत खजुराच्या बियांचा बारीक कोळसा, मोजून दोनशे ग्रॅम. तीन बरण्यांतला कोरा. उरलेल्या तीन बरण्यांतला वापरलेला, म्हणजे जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यात ठेवून, त्यातलं शिसं शोषून घेतल्यावर वाळवलेला. दिसायला सगळा सारखाच. रविवारी सकाळी प्रबुद्धने पाहिलं तेव्हा डावीकडून चौथी बरणी बोटभर रिकामी होती.

एमएस्सी झाल्यापासून प्रबुद्ध विद्यापीठात याच कोळशावर काम करत होता. रमजानभर इफ्तारीनंतरच्या बिया गोळा करून त्याने दोन पोती भरली होती. सध्या प्रयोगशाळेत रंगकाम चालू होतं, म्हणून बरण्या दोन दिवसांसाठी बरकतपुऱ्याच्या घरी आल्या होत्या.

"आई, बरण्यांना हात कोणी लावला?"

"मी नुसत्या पुसल्या," गीता म्हणाली. "किती काळ्या झाल्या होत्या. झाकणावरचं ते पेनाचं तर निघतच नव्हतं. मीठ लावून घासलं तेव्हा कुठं गेलं."

झाकणांवर त्याने 'कोरा' आणि 'वापरलेला' असं लिहिलेलं होतं.

तेवढ्यात मोरीतून आजोबा बाहेर आले. किशनराव, वय चौऱ्याऐंशी, दात नऊ. नऊच्या नऊ काळेशार.

"राखुंडी झकास केलीस रे," ते म्हणाले. "काल पण लावली. बदामाच्या टरफलांची याच्यापुढं काहीच नाही."

प्रबुद्ध खुर्चीवर बसला. आजोबांनी जन्मभर कोळशाच्या पुडीशिवाय दाताला काही लावलं नव्हतं. आणि मागच्याच महिन्यात त्याने त्यांना ऐकवलं होतं, की माझ्या कोळशापुढे तुमची राखुंडी म्हणजे चुलीतली माती. आजोबांना वाटलं, नातू शब्दाला जागला.

"आजोबा, ही तोंडात घालायची वस्तू आहे का? यात शिसं असेल. मेंदूवर जातं, किडनीवर जातं." त्याने चहात बुडवलेलं उस्मानिया बिस्किट तोंडात टाकलं.

"आधी हात धू," गीता म्हणाली. "नखं बघ कशी झालीत."

"धुतलेत. कोळसा चाळून चाळून बसलंय ते, निघत नाही. आणि मला खायला पण जात नाहीये, पोट परत दुखतंय."

"मेसमधलं खाणं बंद कर म्हणते तर ऐकत नाहीस."

आजोबा शांतपणे खाटेवर टेकले. "शिसं मला काय करणार? चौऱ्याऐंशी झाले. त्यालाच घाई करावी लागेल." मग म्हणाले, "खालच्या हिम्मतरावांना पण एक पुडी दिली बघ. त्यांची दाढ ठणकत होती."

प्रबुद्ध दोन जिने धावत उतरला. हिम्मतराव दारातच उभे होते. दात काळे, चेहरा प्रसन्न.

"काका, ती पुडी परत द्या. त्यात विष असेल."

"नक्को. चार रोज झोपलो नव्हतो, काल झोपलो."

"काका, शिसं आहे."

"असू दे की. दवाखान्याच्या गोळ्यांत काय होतं, आठवत पण नाही. दाढ मात्र तशीच ठणकत होती."

पुडी मिळाली नाही. तपासणीसाठी रक्त द्यायला मात्र ते तयार झाले, कारण किशनराव देणार होते आणि त्यांना मागे राहायचं नव्हतं.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "रक्तातलं शिसं बघून घ्या. पाचच्या आत असलं तर घाबरू नका. वीसच्या वर गेलं तर लगेच घेऊन या."

रक्त घ्यायला त्रिवेणी नावाची बाई घरी आली. दोन नळ्या भरल्यावर प्रबुद्धने तिला थांबवलं.

"तुलनेला तिसरा नमुना पाहिजे. याच घरातला, हेच पाणी पिणारा, ज्यानं कोळसा तोंडात घातलेला नाही असा निरोगी माणूस. आई?"

"मी सुई बघूनच पडते," गीता म्हणाली.

"मग माझं घ्या," म्हणत प्रबुद्धने बाही वर केली.

रात्रभर त्याला झोप आली नाही. दर तासाला उठून तो आजोबांचा श्वास बघत होता. शेवटी आजोबाच म्हणाले, "मेलो तर हाक मारतो, तू पड."

सोमवारी तो सहाही बरण्या घेऊन प्रयोगशाळेत गेला. रंगाऱ्यांच्या शिडीखाली वाकून त्याने एकेक नमुना यंत्रात घातला. मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरते, म्हणून तो नेहमीप्रमाणे खिशातच होता. डब्यातला चिवडाही तिथेच उभ्या उभ्या संपला. दुपारी आकडे आले. डावीकडून चौथी बरणी कोऱ्या कोळशाची होती.

त्याने घरी फोन केला. गीता रडली आणि मग शिरा करायला उठली. हिम्मतराव पुडीसकट वर आले आणि वाटी पुढे करून बसले.

संध्याकाळी गीताच्या फोनवर रक्ताचे अहवाल आले. आता ते नुसते औपचारिकतेपुरते होते. आजोबांनी फोन हातभर लांब धरला, काही दिसेना, म्हणून प्रबुद्धकडे दिला.

"वाच. मोठ्यानं वाच, हिम्मतरावांना ऐकू येत नाही."

प्रबुद्धने तोंडातला शिरा गिळला.

"हिम्मतराव, दोन पूर्णांक आठ. किशनराव, तीन पूर्णांक एक."

"आणि तिसरं?" आजोबांनी विचारलं.

प्रबुद्धने ते दोनदा वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने.

"सत्तावीस पूर्णांक चार."