बाल्कनीचा खटका

"एक दिवस? फक्त एक दिवस?" चीफ इतक्या जोरात हसला, की कपातला चहा बशीत आला. "अगं, भर समुद्रात तीन मजली उंच इंजिन सांभाळतो मी! हाताखाली बावीस माणसं! आणि तुला काळजी वाटतेय, की दीड वर्षाची पोर मला आवरणार नाही?"

"इंजिन पळून जात नाही," बायको म्हणाली. "माझा चष्मा कुठंय?"

चष्मा टेबलाखाली होता. तिथं मुंगी बसली होती आणि तो एका मोज्यात घालून बघत होती. मुंगी म्हणजे चीफची लेक. रांगायला लागल्यापासून ती या खोलीतली वस्तू उचलून त्या खोलीत नेऊन ठेवायची, रिकाम्या हातानं कधी दिसायचीच नाही. म्हणून मुंगी. गाळणी पलंगावर, कंगवा फ्रीजमध्ये, साबण चपलेत!

चीफ मालवाहू जहाजावर मुख्य इंजिनीअर होता. तो बोटीवर गेला तेव्हा मुंगी नऊ महिन्यांची होती. परत आला तेव्हा सतरा महिन्यांची. मधले आठ महिने बाप म्हणजे फोनमधला एक चेहरा होता. तो निम्मा वेळ तोंड उघडं ठेवून अडकून बसायचा, कारण समुद्रात नेटवर्क मिळायचं नाही. त्या अडकलेल्या चेहऱ्याकडं बघून मुंगी खदखदून हसायची. ते हसू चीफनं मनात जपून ठेवलं होतं. इंजिनाच्या खोलीत, जिथं स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, तिथंही त्याला ते ऐकू यायचं.

आणि विमानतळावर काय झालं? चीफनं हात पसरले. मुंगीनं त्याच्याकडं पाहिलं आणि असा काही भोंगा पसरला, की एका सुरक्षारक्षकानं येऊन चौकशी केली! मग तिनं आईच्या पर्समधून फोन ओढून काढला आणि बंद पडद्याकडं बघून हात हलवायला लागली. खरा बाप समोर ढिम्म उभा.

त्याला नऊ दिवस झाले होते. त्यानं आणलेला गुडघ्याएवढा बोलका हत्ती बघून ती पळाली. हत्तीच्या खोक्यात मात्र दोन दिवस बसून होती. बापाच्या कडेवर येणं नाही, मांडीवर येणं नाही. शेजारच्या बाईंकडं मात्र दुडुदुडू धावत जायची.

या बाई निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं बालवाडी चालवलेली. दिवसभर मुंगी त्यांच्याकडंच असायची. आज त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जायचं होतं, म्हणून तर चीफची वर्णी लागली होती. निघताना त्या दारात थांबल्या.

"हे बघा चीफ, खेळणी नकोत. घरातल्या खऱ्या वस्तू द्या. झाकणं, चमचे, रुमाल, कपड्यांचे चिमटे. टोकदार नको, तोंडात मावेल असं नको. आणि तुम्ही जवळ बसून राहा. गप्प."

"मग शिकवायचं कधी?"

"तुम्ही शिकवायचं नाही. ती शिकते. तुम्ही फक्त बघायचं."

"बघतो की!" चीफ म्हणाला. बाई गेल्या, बायको गेली, दार लागलं. चीफनं हात चोळले.

त्यानं चार भांडी आणि चार झाकणं ओळीनं मांडली. मुंगीनं मोठं झाकण छोट्या भांड्यावर ठेवलं.

"अंहं, ते नाही राणी. हे बघ, हे!"

मुंगीनं त्याच्याकडं पाठ केली आणि झाकण फरशीवर आपटलं. ठण्ण! आवाज आवडला. पुन्हा आपटलं.

"अगं, गोल फिरवून लाव. डावीकडं! डावीकडं!"

मुंगी झाकण घेऊन उठली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथं बसून आपटायला लागली. चीफ मागोमाग गेला. ती पुन्हा उठली. असे त्यांनी घरभर चार मुक्काम केले. पाचव्या मुक्कामाला दुधाचा पेला लवंडला. चीफनं बादली आणून फरशी पुसली आणि बादली न्हाणीघरात ठेवली. अर्धी भरलेली. दार लोटायचं राहिलं.

आता करायचं काय? चीफला रिकामं बसता येत नाही, आणि गप्प तर मुळीच नाही. त्याची नजर बाल्कनीच्या दाराकडं गेली. त्या पूर्ण काचेच्या दाराला खाली एक खटका होता, तो तीन वर्षं गंजून बसलेला. मुंगी रोज तिथं दहा मिनिटं तरी घालवायची. दोन्ही हातांनी दाबायची, कण्हायची, लालबुंद व्हायची, पण खटका हलायचा नाही.

"ही दुरुस्ती आपली!" चीफ म्हणाला. तेल आणलं, पक्कड आणली, गंज खरवडला. मुंगी दोन हातांवरून बघत होती. एवढ्या जवळ ती नऊ दिवसांत आली नव्हती! चीफनं श्वास रोखून धरला. खटका लोण्यासारखा खाली गेला, वर आला. तेल आणि पक्कड वरच्या फळीवर ठेवून त्यानं हात पुसले आणि त्याला बाईंचे शब्द आठवले. चिमटे! ते तर बाल्कनीतल्या दोरीवर होते. बनियन आणि अर्ध्या चड्डीतच तो बाहेर गेला. दार आपसूक मागं लोटलं गेलं.

खट्!

चीफ वळला. काचेपलीकडं मुंगी दोन्ही हात वर करून उभी होती. कित्येक महिने जो खटका तिला दाद देत नव्हता, तो एका बोटानं बसला होता! तिनं स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या.

"शाब्बास!" चीफच्याही तोंडून निघालं. मग त्याचा चेहरा उतरला. "आता वर कर. वर! वर, बाळा!"

मुंगीनं आणखी जोरात खाली दाबलं.

"अगं वर! उघड! उघड!" चीफ काचेवर थापा मारायला लागला. मुंगीचा ओठ थरथरला. तिनं पाठ फिरवली आणि ती चालू लागली. न्हाणीघराच्या दिशेनं.

बादली!

दीड वर्षाची पोर आणि अर्धी बादली पाणी. फोन आत. किल्ली आत. दुसरी किल्ली बाईंकडं. काच दुहेरी आणि जाड, खांदा मारून पाहिला तर खांदाच दुखावला. तो कठड्यावरून वाकला. चार मजले खाली वॉचमन झाडांना पाणी घालत होता.

"दार बंद झालंय! पोरगी आत अडकलीये!"

"कुठं?" वॉचमन ओरडला.

"आत! आत! एकटी आहे! लिफ्टनं ये वर लवकर!"

वाऱ्यावरून वॉचमनच्या कानी पोचलं ते एवढंच: दार बंद, पोरगी एकटी, लिफ्ट! त्यानं पाइप टाकला आणि धूम ठोकली. लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर आधी वीज बंद करायची, असा सोसायटीचा नियम होता. त्यानं नियमानुसार वीज बंद केली. त्याच वेळी लिफ्टमधून वर कोण येत होतं? डोळ्यांत थेंब घालून घेतलेल्या शेजारच्या बाई! दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध लिफ्ट गचकन थांबली. अख्ख्या इमारतीत चीफच्या घराची किल्ली असलेलं एकमेव माणूस लटकलं!

"घाबरू नको बाळा!" वॉचमन लिफ्टच्या दाराला तोंड लावून म्हणाला.

"बाळा?" आतून बाई गरजल्या. "मी एकाहत्तर वर्षांची आहे!"

इकडं चीफला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला फक्त न्हाणीघराची उघडी फट दिसत होती आणि फटीपाशी पोचलेली मुंगी. तो पुन्हा ओरडणार होता. घसा उघडला होता. पण त्याला एवढं कळून चुकलं होतं, की आपण ओरडलो की ती लांब जाते. सकाळपासून, नव्हे नऊ दिवस, हेच चाललं होतं.

त्यानं तोंड मिटलं. दोरीवरचे मूठभर चिमटे काढून फरशीवर मांडी ठोकली. हातातल्या चिमट्यांपैकी एक घेतला आणि काचेवर हलकेच वाजवला. टक्. टक् टक्.

मुंगी थांबली.

चीफनं तिच्याकडं पाहिलं नाही. एक चिमटा बनियनला लावला. एक बोटाला. एक कानाला, आई गं! डोळ्यांत पाणी आलं, पण चकार शब्द काढला नाही. दुसरा दुसऱ्या कानाला.

पावलं वाजली. दुडु दुडु. मुंगी काचेशी येऊन बसली.

तिनं झाकण काचेला टेकवलं. चीफनं पलीकडून तिथंच चिमटा टेकवला. तिनं झाकण सरकवलं, चिमटा सरकला. ती हसली. मग उठून गेली आणि परत आली ती गाळणी घेऊन. मग चमचा. मग त्याचा मोजा. एकेक वस्तू काचेला लावून त्याला दाखवायची, त्यानं मान डोलावली की खाली ठेवायची आणि पुढची आणायला जायची. शेवटी त्याचा फोन आणला. तो तिनं भांड्यात टाकला, चार झाकणं एकामागून एक लावून पाहिली आणि चौथं बरोब्बर बसवलं. कुणी डावीकडं म्हटलं नव्हतं, कुणी उजवीकडं.

चीफ बघत राहिला. खालचे चार दात, वरचे तीन, चौथा येऊ घातलेला. डाव्या भुवईत एक केस पांढरा. विचार करताना जिभेचं टोक उजवीकडं. हे सगळं आठ महिने तिच्याकडंच होतं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. काचेवर तिच्या श्वासाची वाफ उमटत होती, हाताच्या अंतरावर, आणि त्याला ती पुसताही येत नव्हती. कानावरचे चिमटे काढायचंही त्याला सुचलं नाही.

एवढ्यात भांड्यात फोन वाजला. बायको! मुंगीनं झाकण उचललं, आवाज मोठा झाला. झाकण ठेवलं, आवाज लहान झाला. उचललं, ठेवलं, उचललं! असा शोध तर जहाजावर बावीस जणांतही कुणाला लागला नव्हता.

तीनदा फोन कुणी उचलला नाही, तेव्हा बायकोनं बाईंना लावला.

"मी दोन मजल्यांच्या मध्ये आहे," बाई म्हणाल्या. "आणि बाहेरचा माणूस मला धीर देतोय. त्याला आधी वीज चालू करायला सांग."

पाच मिनिटांनी किल्ली फिरली. बाई आत आल्या. थेंबांमुळं त्यांना सगळं धूसर दिसत होतं. त्या काचेपुढं वाकल्या, डोळे बारीक केले.

"चिमटे वाळत घातलेत, का माणूस?"

"बाई, मी! बादली! आधी बादली रिकामी करा!"

बाईंनी बादली ओतली, मग खटका वर केला. दार उघडलं. आणि चीफनं काय करावं? सगळा शहाणपणा विसरला आणि दोन्ही हात पसरून, कानांना चिमटे लटकवून, "माझी मुंगी गं!" असं ओरडत झेपावला!

मुंगीनं भोंगा पसरला आणि ती बाईंच्या पदरात शिरली.

"अहो," बाई म्हणाल्या, "आत्ताच तर जमलं होतं तुम्हाला."

बायको धावतपळत घरी आली. ती पुरेसं बोलली, ते इथं सांगायला नको. चीफनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं काम केलं ते खटका काढून टाकण्याचं. नंतर कपाटाला टेकून तो स्वयंपाकघरातच खाली बसून राहिला. अजून एकोणीस दिवस, मग पुन्हा बोट.

संध्याकाळी मुंगी स्वयंपाकघरात आली. खालचा खण तिचाच होता. वरच्या खणात काय आहे, ते मात्र तिला दिसायचं नाही. तिनं टाचा उंचावल्या. पुरेना. आजूबाजूला पाहिलं. जवळच एक मांडी होती. तिनं ती हातानं दाबून पाहिली, पक्की आहे अशी खात्री केली, आणि चीफच्या तोंडाकडं न बघताच वर चढली. एक हात त्याच्या नाकावर ठेवून तोल सावरला आणि खण उघडला.

"जेवायला चल, गार होतंय," बायकोनं हाक मारली.

चीफनं ओठसुद्धा जेमतेम हलवले. "श्श! मी वापरात आहे."

खणात पंचेचाळीस वस्तू होत्या. मुंगीनं प्रत्येक नीट बघितली. पाऊण तासानं ती उतरून गेली, तेव्हा चीफला उठवायला बायको आणि बाई, दोघी लागल्या.