बाराच्या तासाचे बेपत्ता विद्यार्थी

चपलेच्या झिजेवरून माणसाचा सगळा इतिहास सांगणारा नागपुरात मी एकटाच. मी, प्राध्यापक मधुसूदन देवपुजारी, कोराडी रस्त्यावरच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. यंदा विषयाला एकही विद्यार्थी नाही, त्यामुळे माझी बुद्धी पूर्णवेळ गुन्हेगारांसाठी मोकळी आहे.

सोमवारी प्राचार्या सुहासिनी मॅडमनी बोलावलं. टेबलावर तपासणी समितीसाठी पंचवार्षिक आराखडा होता: स्मार्ट बोर्ड, नवं सभागृह, परदेशी विद्यापीठाशी करार.

"तिसऱ्या वर्षाचा बाराचा इतिहासाचा तास रोज रिकामा असतो," त्या म्हणाल्या. "असंच चाललं तर विषय बंद होईल. मग इतिहासाच्या प्रेमानंद सरांना घरी पाठवायचं काम माझ्याकडे येईल. मला ते करायचं नाही. मुलं कुठे जातात ते शोधा."

पहिला संशय खुद्द प्रेमानंदांवर. सकाळी पहिल्या वर्षाच्या वर्गात मागे बसून त्यांचं व्याख्यान ऐकलं. दहाव्या मिनिटाला मला झोप लागली. पुरावा भक्कम होता. पण जाग आली तेव्हा चाळीस मुलं टक लावून ऐकत होती.

दुसरा संशय फाटकाबाहेरच्या तर्री-पोह्यांवर. तीन प्लेटी तपासल्या. मुलं सापडली नाहीत, पित्त सापडलं.

गुरुवारी बाराच्या सुमारास मी मॅडमना गाठलं. "शहराच्या पलीकडचं, बेसा भागातलं एखादं कॉलेज आपली मुलं पळवतंय."

"रोज दुपारी पळवतात आणि सकाळी परत आणून सोडतात?"

या मुद्द्यावर माझा विचार चालू होता.

चहा ठेवता ठेवता शिपाई मारोतराव म्हणाले, "सर, चार दिवसांपासून फिरून राहिले तुम्ही. पोट्ट्याइले इचारलं काय?"

"संशयितांना कोणी सरळ विचारतं का?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि उठून बाहेर गेल्या. आम्ही मागोमाग. व्हरांड्यातून तिसऱ्या वर्षाची श्वेता बॅग सावरत धावत होती.

"काहून पळून राहिली वं?" मारोतरावांनी विचारलं.

"बारा दहाची आमच्या गावची, खाप्याची बस हाय ना, काका. जूनपासून टाइम बदलला. मंग थेट सहाची. अर्धा वर्ग तिकडचाच हाय, बाकीचे कोणासाठी बसतीन?"

"मला का नाही सांगितलं?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, आमाले वाटलं तुमाले माहीत असन."

श्वेता गेली. मॅडम खुर्चीत येऊन बसल्या. मग आराखड्याच्या पहिल्या पानावर, स्मार्ट बोर्डच्याही वर, त्यांनी पेनानं लिहिलं: 'इतिहास, तिसरं वर्ष: सकाळी नऊला.'

पुढच्या सोमवारी नऊला वर्गात अडतीस मुलं होती. मॅडमनी दाराबाहेरून दोनदा मोजली.

मी अहवाल दिला: 'प्रकरण उलगडलं. मुख्य आरोपी रोज बारा दहाला खाप्याच्या दिशेनं फरार होतो.' मॅडमनी सही केली आणि खाली शेरा मारला: 'मारोतरावांना अभिनंदनाचं पत्र द्यावं.'